भरती एकाची, उपचार घराचा



आमच्या लोणखेड्यात संध्याकाळच्या वेळी एखादी भगिनी दारात येऊन उभी राहिली आणि चहालाही नको म्हणाली, की विषय काय असणार ते आम्हाला कळते. "भाऊ, यांना कुठेतरी भरती करायचे आहे." पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. खर्च किती येतो? किती दिवस ठेवतात? कामावर काय सांगायचे? तिथे मारत तर नाहीत ना? सगळे प्रश्न रास्त आहेत. ज्या घरात रोजच्या हजेरीवर चूल पेटते, त्या घराने महिनाभराची हजेरी बुडवण्याआधी ते विचारलेच पाहिजेत. पण एक प्रश्न आम्हाला आजवर फार थोड्यांनी विचारला : "आणि आम्ही घरच्यांनी काय करायचे?" या आठवड्याचे सदर त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी आहे.

तो विचारला जात नाही याचे कारणही उघड आहे. पितो तो, पडतो तो, शिव्या देतो तो. मग औषध त्यालाच द्यायचे. घरच्यांना काय झाले आहे? पण तो बरा होऊन परत कुठे येणार? त्याच घरात. आणि ते घर गेली दहा-बारा वर्षे त्याच्या पिण्याभोवतीच उठत-बसत आले आहे.

जरा आठवून पाहा. व्यसनी माणसाच्या घरात सगळ्यांचे घड्याळ त्याच्या बाटलीवर लावलेले असते. सात वाजले की माय मुलांना घाईने जेवू घालते. पैसे डाळीच्या डब्यात, तिथून पिठाच्या डब्यात, तिथून शेजारणीकडे फिरत राहतात. थोरल्या मुलीला बापाच्या पावलांच्या आवाजावरून आज किती झाली आहे ते कळते. सकाळी मुकादमाला किंवा साहेबाला फोन जातो, "यांना ताप आहे." गुत्तेवाल्याची उधारी बायको गुपचूप भागवते, कारण तो दारात येऊन ओरडला तर अब्रू जाईल. सासूला मुलाचे थरथरणारे हात पाहवत नाहीत, म्हणून ती पेन्शनीतले पन्नास रुपये त्याच्या मुठीत ठेवते. भाऊ रात्री मोटारसायकल काढून त्याला रस्त्याच्या कडेवरून उचलून आणतो. यातले एकही काम वाईट हेतूने झालेले नाही. सगळी मायेपोटी, नाहीतर भीतीपोटी झाली आहेत. पण आम्ही पडलो कारकून, आम्हाला हिशोबाची भाषा जवळची. या खतावणीचा मेळ घातला तर दिसते असे, की पिणार तो आणि रक्कम नावे पडणार घराच्या खात्यावर. त्याच्या पिण्याचे बिल त्याच्या हातात कधी येतच नाही. जे बिल दिसतच नाही ते माणूस का भरेल?

या प्रकाराला तज्ज्ञ मंडळी सहव्यसन म्हणतात. घरचेही त्या आजारात ओढले जातात, असा त्याचा अर्थ. शब्द कामाचा आहे, पण आम्हाला तो पुरता मानवत नाही. त्यातून असा वास येतो, की जणू बाईही गुन्ह्यात सामील आहे. साहेबाशी खोटे बोलून जिने नवऱ्याची नोकरी टिकवली, तिने त्या महिन्याला मुलांचे रेशन टिकवले होते. तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवला होता? म्हणून आम्ही आधीच स्पष्ट करतो. कुटुंबोपचार म्हणजे बायकोला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे नव्हे. "तू नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता," हे वाक्य सासू बोलते, नणंद बोलते, आणि कधी कधी शिकलेला माणूसही तेच गोड भाषेत बोलतो. ते खोटे आहे. कोणाच्या भाजीतल्या मिठाने किंवा बोलण्यातल्या तिखटाने कोणी दारुडा होत नाही. अमेरिकेत 1935 साली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही पिणाऱ्यांची संघटना सुरू झाली. पुढे 1951 मध्ये त्यांच्या बायकांनी आणि घरच्यांनी अल-अ‍ॅनॉन नावाची आपली वेगळी संघटना उभी केली. आज तिच्या सभा आपल्या देशातही भरतात. तिथे बाईला पहिल्याच दिवशी सांगतात, की हे दुखणे तू लावलेले नाहीस, ते तुझ्या ताब्यातही नाही, आणि तुझ्या हाताने ते बरेही होणार नाही. तुझ्या हातात आहे ते तुझे स्वतःचे वागणे आणि तुझे जगणे.

हे ऐकून आमच्या भागातल्या बायांनी हसू नये. एकत्र जमण्याचा हा धडा शहाद्याच्या मातीला नवा नाही. 1972 मध्ये या परिसरात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भूमिपुत्र कार्यकर्ते त्या चळवळीत होते. जमीन आणि मजुरी हे तिचे मूळ प्रश्न. पण शिबिरांत बाया बोलू लागल्या तेव्हा दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा वर आल्या : दारू आणि मार. मग 1972-73 च्या त्या दिवसांत भिल्ल बाया जमावाने गावोगावच्या गुत्त्यांवर गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांनाही त्यांनी चारचौघांत जाब विचारला. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकाच्या अखेरीस, याच सातपुड्याच्या पायथ्याला गुलाम महाराजांच्या शब्दावर हजारो आदिवासी कुटुंबांनी दारू सोडली होती. हा वारसा आपल्या शेजारचा आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो. तरी एक गोष्ट बोललीच पाहिजे. मडके फुटले तरी तहान फुटत नाही. एक गुत्ता बंद झाला की पिणारा दुसऱ्या गावचा रस्ता धरतो, आणि रात्री परततो तो घरीच. गुत्त्याचे काम मोर्चा करू शकतो. घरातले काम निराळे आहे आणि त्याला निराळी विद्या लागते.

ती विद्या आपल्या महाराष्ट्रात कोणी रुजवली हे वाचकांना ठाऊक असावे. पुण्याच्या येरवड्याला 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्या काळी गर्द नावाच्या विषाने शहरांतली तरुण पोरे गिळायला सुरुवात केली होती. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला. केंद्राची खरी घडण केली ती अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोरुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ होत्या. 1997 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. पुढे 2022 मध्ये अनिल अवचटही गेले. आज त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर हे काम सांभाळतात. तिथला उपचार 35 दिवसांचा आहे. पण आम्ही मुक्तांगणचे नाव इथे घेतो ते त्या 35 दिवसांसाठी नव्हे. रुग्णांच्या पत्नींसाठी त्यांनी 'सहचरी' नावाचा गट चालवला, त्यासाठी घेतो. तिथे बाई येते ती नवऱ्याची तक्रार घेऊन. मग शेजारी बसलेली दुसरी बाई आपली गोष्ट सांगू लागते, आणि पहिलीच्या लक्षात येते की डाळीचा डबा, पावलांचा आवाज, साहेबाला केलेला फोन हे सगळे हिच्याही घरी असेच आहे. इतकी वर्षे जी लाज एकटीची वाटत होती ती एकटीची नव्हती. हा दिलासा कोणत्याही गोळीत मिळत नाही. (व्यसन बाईलाही लागते. तिला तर घरचे भरतीही करत नाहीत, सरळ माहेरी टाकून येतात. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला आहे, एवढे इथे नोंदवतो. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.)

घरच्यांना उपचारात घेणे हे परदेशी फॅड आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला डॉ. विद्यासागर यांचे नाव सांगावे. 1950 च्या दशकात ते अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. रुग्ण फार आणि इमारत अपुरी. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णासोबत त्याच्या नातेवाइकांना राहायला बोलावले. अनुभव असा आला की घरचे सोबत असले की रुग्ण लवकर सावरतो, आणि घरच्यांनाही त्याच्याशी कसे वागायचे ते उमगते. मोठमोठ्या ग्रंथांतून निघालेली ही युक्ती नाही, गरिबीतून निघालेली आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. माणूस भरती असतानाचा महिना घराला सोपा जातो. कधी नव्हे ती शांत झोप लागते. अवघड काळ सुरू होतो तो परत आल्यावर, आणि याची कल्पना घराला कोणीच दिलेली नसते. आम्ही असे पुष्कळदा ऐकले आहे : "भाऊ, यांनी दारू सोडली, पण भांडणे वाढली." बाईला वाटते आपलेच काहीतरी चुकते आहे. तसे नाही. कारण समजून घ्या. तो पीत होता त्या वर्षांत घराचा कारभार बायकोने अंगावर घेतला. भाडे, फी, रेशन, बचत गटाचा हप्ता, दीराशी बोलणे, मुलीच्या लग्नाची स्थळे, सगळे तिने निभावले. आता तो शुद्धीत परत आला आहे आणि म्हणतो, "मी सुधारलो ना, मग पगार माझ्या हातात का नाही?" त्याच्या बाजूने हे बरोबर आहे. त्याला वाटते, एवढा मोठा डोंगर चढून आलो आणि घरात कोणाला त्याची किंमत नाही. पण बाईच्या अंगातली भीती 35 दिवसांत उतरलेली नसते. कडी वाजली की तिच्या छातीत अजून धस्स होते. तो अर्धा तास उशिरा आला की ती त्याच्या तोंडाजवळ जाऊन वास घेते. तो भडकतो : "न पिताही तू मला दारुडाच समजतेस, मग प्यायलेलेच बरे." मुलगा बापाचे ऐकत नाही. काल-परवापर्यंत गटारीत पडणारा माणूस आज अभ्यासाचे विचारतो, हे त्याला पटत नाही. कोणी म्हातारे माणूस घरात असेल तर तेही जुना हिशोब काढते. अशा घरात चौथ्या-पाचव्या आठवड्यात माणूस पुन्हा प्याला, तर आपण म्हणतो "त्याची लायकीच नव्हती". चार आठवडे घरात काय चालले होते ते कोणी पाहत नाही.

कुटुंबोपचार म्हणजे नेमके काय, तर या चार आठवड्यांची तयारी. समुपदेशक नवरा-बायकोला समोरासमोर बसवतो. एकाने बोलायचे, दुसऱ्याने पुरते ऐकायचे, मग तू काय ऐकलेस ते आपल्या शब्दांत सांगायचे. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पंधरा वर्षे एकमेकांशी फक्त ओरडून बोललेल्या जोडप्याला हे पहिल्या वेळी जमत नाही. जुनी मढी उकरायची नाहीत. एका बैठकीत एकच विषय घ्यायचा, उदाहरणार्थ पगार. आणि तो ठरवून, लिहून संपवायचा.

पगाराबद्दल आमचा सल्ला विचाराल तर सांगतो, कारण या गोष्टीत आमचे शिक्षण कामी येते. पहिले तीन महिने पगार बायकोच्या किंवा दोघांच्या नावावरच्या खात्यात जावा. त्याला रोजच्या खर्चाचे ठरलेले पैसे मिळावेत आणि त्यावर तिने रोज हिशोब मागू नये. तीन महिन्यांनी वीज बिल आणि किराणा त्याच्याकडे द्यावा. सहा महिन्यांनी पुन्हा बसून ठरवावे. मुदत लिहिलेली असली की त्याला ती शिक्षा वाटत नाही, आणि तिलाही ती कायमची चौकीदारी वाटत नाही. जुनी उधारी असेल तर तिची यादी त्याने स्वतः करावी आणि थोडी थोडी स्वतःच फेडावी. इथे बायकोने मधे पडू नये, हे कितीही जड गेले तरी.

दुसरी एक रीत अमेरिकेतल्या टिमथी ओफॅरेल यांच्यासारख्या संशोधकांनी नवरा-बायकोसाठी बसवली आहे. ती इतकी साधी आहे की आपल्या कोणत्याही खोलीत चालावी. रोज सकाळी ठरल्या वेळी तो तिला सांगतो, आज मी पिणार नाही. आयुष्यभराचे वचन नाही, फक्त आजचे. ती त्याचे आभार मानते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करते. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर तो ती तिच्यादेखत घेतो. या दोन मिनिटांनंतर दिवसभर दारूचा विषय दोघांनीही काढायचा नाही. तिने वास घ्यायचा नाही, खिसे तपासायचे नाहीत; त्याने चिडायचे नाही. कॅलेंडरवरच्या खुणा वाढत जातात आणि संशय बसायला जागा कमी उरते. एखादा दिवस चुकलाच, तर प्यालेल्या माणसाशी रात्री वाद घालायचा नाही. सकाळी बोलायचे आणि त्याच दिवशी समुपदेशकाला कळवायचे. एकदा घसरला म्हणजे सगळे बुडाले असे नसते. मधुमेहाच्या माणसाची साखर एकदा वाढली म्हणून कोणी त्याची औषधे बंद करत नाही.

गोळीचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो. डायसल्फिराम नावाची गोळी दारू सोडण्यासाठी देतात. ती घेतलेली असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, आणि कधी जीवही जाऊ शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दारू अंगातून पूर्ण उतरल्यावर आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायची असते. बाजारात "रुग्णाच्या नकळत चहातून द्या" म्हणून ज्या पुड्या विकतात, त्यांत काय असते हे विकणाराही सांगू शकत नाही. नकळत औषध देणे म्हणजे नवऱ्याच्या ताटात विष कालवण्याइतके धोक्याचे ठरू शकते. शिवाय ते कळल्यावर विश्वासाचा उरलासुरला धागा तुटतो तो निराळाच. तसेच, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडायला लावू नका. काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात. त्यातही माणूस दगावतो. हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावेत. बाकी कुटुंबोपचार वगैरे सगळे त्यानंतर.

आणि मारहाण होत असेल तर? मग आधी बाईचा आणि लेकरांचा जीव, मग उपचार. जिच्या अंगावर हात उठतो तिला नवऱ्यासमोर बसवून "मोकळेपणाने बोला" म्हणणे शहाणपणाचे नाही. घरी गेल्यावर त्या मोकळेपणाची किंमत तिलाच मोजावी लागते. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा अशा वेळेसाठीच आहे, 181 आणि 112 हे क्रमांकही त्यासाठीच. "प्यायला होता म्हणून मारले" ही सबब कायद्याला चालत नाही, आपणही चालवू नये.

मुलांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. व्यसनी घरात मुले आपोआप भूमिका वाटून घेतात, असे या विषयावर काम करणारे सांगतात. एक मूल घराचा खांब होते. स्वयंपाक, धाकट्यांचा अभ्यास, आईचे अश्रू सगळे तेच सांभाळते, आणि आपण कौतुकाने म्हणतो, पोरगी फार समजूतदार आहे! अकरा वर्षांच्या पोरीने इतके समजूतदार का असावे? दुसरे मूल वाया जाते आणि घराचा सगळा राग आपल्यावर ओढून घेते. तिसरे कोपऱ्यात गप्प बसते. त्याच्याकडे कोणाचे लक्षच नसते. चौथे विदूषकी करून सगळ्यांना हसवते. बाप बरा झाला तरी ही मुले आपापल्या भूमिकेत अडकून राहतात. त्यांना बसवून सांगा, की पप्पांना आजार आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही. मुलाला बापाला शोधायला गुत्त्यावर पाठवू नका. "बघ गं, पप्पा पिऊन आलेत का," हे काम मुलीला देऊ नका. आणि थोरलीच्या डोक्यावरचे ओझे बापाने शब्दांत उतरवावे : "आता हे मी बघतो, तू खेळायला जा." तिला ते खरे वाटायला वेळ लागेल. वाटू द्यावे.

घराबाहेरचे घर म्हणजे आपली वस्ती. तिच्याबद्दल दोन शब्द कडू लागले तरी लिहिणार. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो. आणि तरी आपल्याकडे हळदीच्या रात्री मांडवामागे बाटल्या येतात, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे पोरे झिंगतात. नुकताच सुटलेला माणूस सर्वांत जास्त घसरतो तो अशाच ठिकाणी. "अरे, आज भाच्याची हळद आहे, एक घे, काही होत नाही," म्हणणारा पाहुणा त्याचा शत्रू नसतो, सख्खा मेहुणा असतो. म्हणून पहिल्या वर्षात हळदीला जायचे असेल तर नवरा-बायकोने आधी ठरवावे : दिवसा जायचे, हळद लावायची, जेवायचे, दिवेलागणीला निघायचे. कोणी रागावले तर रागावू द्यावे. आणि मेहुणेबुवांनी ग्लास पुढे करण्याआधी बहिणीच्या तोंडाकडे एकदा पाहावे.

पुणे आपल्याला लांब आहे. भाडे, बुडालेली हजेरी, सोबत जाणाऱ्याचा खर्च, हे सगळे आम्हाला कळते. म्हणून चेन्नईच्या एका संस्थेची गोष्ट सांगतो. शांती रंगनाथन यांचे पती दारूपायी गेले. त्या बाईंनी 1980 मध्ये पतीच्या नावाने टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान उभे केले. तिथे रुग्णाबरोबर घरच्यांचाही उपचार चालतो. पुढे त्यांनी पाहिले की खेड्यातला मजूर शहरात येऊ शकत नाही. मग मांजक्कुडी या तमिळ गावात त्यांनी शिबिरे सुरू केली. डॉक्टर आणि समुपदेशक गावात येणार. जागा, जेवण, माणसे गोळा करणे हे गावाने पाहायचे. आणि बायका-मुले चालत येऊ शकतील एवढ्या अंतरावर सगळे. आपल्या शेजारच्या गोव्यातही असाच एक प्रयोग झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूचा त्रास सुरू झालेल्या पुरुषांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी चारपर्यंत बैठका दिल्या. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष दिले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत शंभरातले 26 जण तीन महिन्यांत धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. बैठका मिळालेल्यांत 36. फरक दहाचाच, कोणी म्हणेल. दहा घरे म्हणजे एक गल्ली होते. आणि हे काम बारावी, बी.ए. झालेली आपली मुले-मुली शिकू शकतात, हे त्यातले आम्हाला मोलाचे वाटते.

सरकारी पाहणीचे आकडे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे 16 कोटी माणसे दारू पितात, आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे उपचार मिळाल्याचे सांगणारा एक. तेव्हा उरलेल्या सदतीस घरांनी केंद्राची वाट पाहत बसायचे का? आमचे म्हणणे असे, की रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास अशा घरच्या भगिनींसाठी ठेवावा. पुरुषांनी त्या वेळी बाहेर बसावे. भाषण नको, पाहुणे नकोत, हार नकोत. गोल करून बसावे, जिला बोलायचे ती बोलेल. तिथे ऐकलेले वस्तीत बोलायचे नाही, एवढा एकच नियम. त्याला ना देणगी लागते, ना पावतीपुस्तक. नवरा अजून पीत असेल, भरतीला तयार नसेल, तरीही बाईने यावे; तिचा उपचार त्याच्या होकारावर अडलेला नाही. घरच्यांनी आपले वागणे बदलले की पुष्कळदा तोही उपचाराला तयार होतो, असा जाणकारांचा अनुभव आहे.

ज्यांना आजच विचारायचे आहे त्यांच्यासाठी : व्यसनमुक्तीच्या सल्ल्याचा राष्ट्रीय क्रमांक 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416. दोन्ही फुकट आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांबद्दल चौकशी करावी. खाजगी केंद्र पाहत असाल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, ते आधी विचारा. या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. रात्री डॉक्टर असतो का ते विचारा. सुटी झाल्यावर पाठपुरावा कोण करतो ते विचारा. आणि फॉर्मवर सही करण्याआधी विचारा : घरच्यांना कोणत्या दिवशी बोलावता? "त्याची गरज नाही, तुम्ही फक्त पैसे भरा," असे उत्तर आले तर पेन खिशात ठेवा आणि दुसरे केंद्र शोधा.